आवर्तसारणी पाठ करत बसू नका, वाचायला शिका

दहावीची मुलं ११८ मूलद्रव्यांची नावं घोकत बसतात ते बघून खरंच वाईट वाटतं, पहिली २० नीट समजली तरी खूप झालं. आधी बेसिक बघा, आडव्या ओळी ७, त्यांना आवर्त म्हणतात, उभे रकाने १८, ते गण. क्रम अणुअंकाने लागतो म्हणजे अणूत प्रोटॉन किती त्यावर, वजनावर नाही, म्हणून तर आयोडीन हलकं असूनही टेल्युरिअमच्या नंतर येतं.

आता वही घ्या आणि क्लोरीनचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन ते, लिहा: २, ८, ७. तीन कक्षा आहेत म्हणून आवर्त ३, शेवटच्या कक्षेत ७ आहेत त्यात १० मिळवा, गण १७, झालं! शेवटी १ किंवा २ असतील तर काही मिळवायचं नाही, सोडियम २, ८, १ म्हणजे सरळ गण १. हेलियम तेवढा अपवाद, त्याची एकमेव कक्षा दोनातच फुल होते म्हणून तो १८ मध्ये बसतो. ही ट्रिक कॅल्शियमपर्यंतच वापरा हं, पुढे स्कँडिअमपासून डी-ब्लॉक (सारणीचा मधला भाग, गण ३ ते १२) सुरू होतो आणि हिशोब बदलतो.

नावांचं पण लॉजिक आहे. शोधणारे नाव सुचवतात, आययूपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था मंजूर करते, आणि नव्या नावाचं शेपूट गणावरून ठरतं, गण १७ ला 'ईन', १८ ला 'ऑन', बाकी सगळ्यांना 'इअम'. २०१६ ला मंजूर झालेली चार बघा: निहोनिअम, मॉस्कोव्हिअम, टेनेसीन, ओगानेसॉन.