मांजरासाठी प्ले टनेल: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

घरातल्या मांजरासाठी प्ले टनेल, म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा कापडी बोगदा, आणला की पहिल्या आठवड्यात दोनपैकी एक तक्रार हमखास येते. एक, "आत जातच नाही हो, नुसती लांबून बघत बसते." दुसरी, "दोन दिवस नुसता धिंगाणा, आता ढुंकूनही बघत नाही." दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आपण टनेल आणतो तो एखादा व्हिडिओ बघून. त्यात मांजर एका तोंडातून घुसतं आणि दुसऱ्यातून सुसाट बाहेर पडतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की ही पळापळीची वस्तू आहे. मांजर मात्र तिच्याकडे दबा धरायची जागा म्हणून बघतं. ते उंदरामागे लांबवर धावत नाही. आडोशाला बसतं, वाट बघतं आणि शेवटच्या दोन-चार उड्यांत काम उरकतं. शिवाय ते स्वतःही लहानसाच प्राणी. कुत्रा, दांडगा बोका, घरभर फिरणारे पाहुणे यांच्यापासून लपायलाही त्याला जागा लागते.

अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन या मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांनी २०१३ साली घरातल्या मांजरांच्या गरजांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या पाच मुद्द्यांपैकी पहिला सुरक्षित जागेचा आणि तिसरा खेळण्याची, शिकार करण्याची संधी मिळण्याचा. टनेल नीट मांडला तर दोन्ही कामं करतो. चुकीचा मांडला तर एकही नाही.

घेताना फक्त लांबी बघणं

ऑनलाइन यादीत लांबी ठळक छापलेली असते, म्हणून आपण तीच बघतो. बघायचा असतो तो व्यास. बाजारातले बरेच स्वस्त टनेल २५ सें.मी. व्यासाचे असतात. सडपातळ देशी मांजर त्यातून आरामात जातं, पण आत वळायचं म्हटलं की अवघडतं. भरलेल्या अंगाचा बोका किंवा गुबगुबीत पर्शियन असेल तर ३० सें.मी.च्या खाली जाऊ नका. मांजर उभं असताना जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची मोजा आणि व्यास त्याहून थोडा जास्त घ्या. थोडं वाकून जावं लागलं तर हरकत नाही, आवडतंच त्यांना. पण वळता आलं पाहिजे, नाहीतर घाबरल्यावर उलट्या पावली सरकत बाहेर येणं एवढंच हाती उरतं. मधे एक भोक असलेला टनेल म्हणूनच चांगला. लांबी तीन-चार फूट पुष्कळ झाली. वन बीएचकेच्या हॉलमध्ये त्याहून लांब टनेल माणसांच्याच पायात येतो, आणि मग तो कपाटावर जाऊन बसतो.

घडी होणाऱ्या टनेलच्या आत स्प्रिंगसारखी पोलादी तार असते. कापडाची शिवण झिजली की तारेचं टोक बाहेर येतं, आणि ते नेमकं तोंडापाशी, म्हणजे मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर. विकत घेतल्यावर दोन्ही कडांवरून बोट फिरवून बघा, नंतरही अधूनमधून बघत राहा. टोक बाहेर आलंच तर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका. मांजर ती पट्टी चावून काढतं. कापड शाबूत असेल तर जाड दुपदरी शिवण घालून घ्या, नाहीतर टनेल टाकून द्या.

लोंबता गोंडा तसाच ठेवणं

माझ्या मते या सगळ्यात मोठी चूक हीच. टनेलच्या तोंडाशी इलॅस्टिकच्या दोऱ्याला एक गोंडा किंवा चेंडू लटकवलेला असतो. फोटोत गोड दिसतो. पहिल्याच दिवशी कात्रीने दोऱ्यासकट कापून टाका.

कारण असं: मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. दोरा एकदा जिभेवर आला की बाहेर थुंकणं अवघड जातं, तो आतच सरकत जातो. पुष्कळदा त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं आणि उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं आणि स्वतःच नाडी ओढल्यासारखं चुण्या पडून गोळा होतं. दोरा काचून आतड्याला भोकं पडू शकतात. उलट्या, लाळ, खाणं बंद, कोपऱ्यात मुटकुळं करून बसणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा दिसत असेल तरी तो ओढू नका, ओढल्याने आतलं आतडं कापलं जातं. तेल पाजू नका, घरच्या घरी उलटी करवू नका.

इलॅस्टिक हे निमित्त. आपल्या घरांत गजऱ्याचा दोरा, राखी, संक्रांतीनंतर गॅलरीत अडकलेला मांजा, शिवणाच्या मशीनपाशी पडलेली रिळं असं बरंच काही असतं आणि मांजर पळवलेल्या वस्तू टनेलमध्ये नेऊन लपवतं. आठवड्यातून एकदा टनेल उचलून झटका. काय काय सापडतं ते बघून थक्क व्हाल. आणि हो, टनेल घसरू नये म्हणून तो सुतळीने सोफ्याच्या पायाला बांधायची आयडिया डोक्यातून काढून टाका.

हॉलच्या मधोमध मांडणं

मांजर आत जात नाही या तक्रारीवर मी आधी विचारते, टनेल ठेवलाय कुठे? बहुतेकांनी तो मोकळ्या फरशीवर ठेवलेला असतो. गुळगुळीत टाइल्सवर हलका टनेल मांजराने पाय ठेवताच घसरतो, गडगडतो. एकदा असं झालं की ते पुन्हा जवळ फिरकत नाही. शिवाय तिथपर्यंत पोचायला उघड्यावरून चालत जावं लागतं, म्हणजे आडोशाचा उपयोगच संपला.

टनेल भिंतीलगत घ्या. खाली सतरंजी किंवा रबरी पाठीची मॅट टाका, मोकळ्या बाजूला लोड किंवा जाड उशी लावा. एक तोंड सोफ्याखाली किंवा पलंगापाशी उघडू दे, दुसरं खोलीकडे. आत बसून येणारे-जाणारे दिसले पाहिजेत आणि मागून निसटताही आलं पाहिजे. एक तोंड भिंतीवर आदळलेलं असेल तर तो मांजराला सापळाच वाटतो.

वॉशिंग मशीनशेजारी नको, लिटर ट्रेला (मांजराच्या शी-शूच्या ट्रेला) चिकटून नको, जेवणाच्या वाटीपाशीही नको. तोंड मुख्य दाराकडे तर अजिबात नको. दबा धरून बसलेलं मांजर दार उघडताच जिन्यात पोचलेलं असतं. गॅलरी आणि उघड्या खिडकीचं तेच. खेळाच्या भरात मांजराला मजला कळत नाही. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका, नखांनी आणि दातांनी ती तुटते. मांजरासाठी धातूची बारीक जाळी लावलेली बरी. ग्रिलच्या दोन गजांमधून डोकं गेलं की बाकीचं अंगही जातं, हे पिल्लं पाळणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

धरून आत ढकलणं

असं केलं की महिनाभर तरी टनेलचं नाव नको. त्यातून व्हेटकडे जाताना पिशवीत कोंबून नेलेलं मांजर असेल तर विचारूच नका.

नवा टनेल आधी दोन दिवस हवेवर ठेवा, कारखान्याचा वास जाऊ दे. मग मांजर रोज झोपतं तो टॉवेल आत अंथरा. अत्तर, रूम फ्रेशनर काही मारू नका. पहिल्यांदा टनेल पूर्ण ताणू नका. दाबून रुंद कड्यासारखा ठेवा, पलीकडचं दिसेल इतका आखूड. तोंडाशी आवडता खाऊ, दुसऱ्या दिवशी जरा आत, आणि आपण लांब बसून आपलं काम करायचं. मांजर आत गेलं की टाळ्या वाजवणारे, मोबाइल काढून धावणारे लोक असतात. त्यांना आवरा.

तरीही बिचकत असेल तर आवाजाचा संशय घ्या. कापडाच्या दोन थरांत प्लास्टिकची पातळ फिल्म घालून कुरकुर आवाज येईल असे टनेल बनवतात. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० हजारांच्याही वरचे. आपल्याला जी नुसती चुरचुर वाटते त्यात त्याला बरंच काही ऐकू येत असणार. धीट मांजरांना हा आवाज भलताच आवडतो, भित्र्यांना नाही. आत जाड टॉवेल अंथरला की तो दबतो. त्यानेही नाही जमलं तर दोन-तीन खोकी ओळीने लावून घरचा बोगदा करा. त्याआधी पिना, टेप, पट्ट्या सगळं काढून टाका. खरं तर टनेल विकत घेण्याआधीच हा प्रयोग केला तर पैसे वाचतील.

टनेल ठेवून आपण मोकळं होणं

दोन दिवसांत कंटाळणारी मांजरं याच घरांतली. रिकामा टनेल म्हणजे शिकार नसलेलं रान. काठीला बांधलेलं पीस घ्या आणि टनेलच्या बाहेरून, कापडाला घासत हळूहळू सरकवा. आत बसलेल्या मांजराला फक्त हालचाल आणि खसफस कळते, त्याचे कान बघा. मग पीस तोंडासमोरून आडवं न्या, थांबवा, कोपऱ्याआड गायब करा. झडप तिथेच येते. पीस मांजराच्या तोंडावर नाचवण्याची चूक सगळे करतात. कुठला उंदीर स्वतःहून मांजराच्या नाकाशी येतो? खेळ झाला की काठी आणि दोरी कपाटात बंद.

पाच-दहा मिनिटांचा डाव पुरे. पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजर आपोआप तरतरीत असतं. संध्याकाळचा डाव जेवणाच्या आधी घ्या. शेवटी पीस त्याच्या पंजात सापडू द्या आणि लगेच जेवण वाढा. पकडलं, खाल्लं, अंग चाटलं, झोपलं, असा त्यांचा क्रम आहे. पहाटे चारला कुरकुर करून घर उठवणाऱ्यांवरही बऱ्याचदा हाच उपाय लागू पडतो. खालच्या मजल्यावरून तक्रार येत असेल तर रात्री टनेल घडी करून ठेवा. लेझरचा ठिपका टनेलमध्ये सोडायचा असेल तर शेवट तरी खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर करा, नाहीतर हाती काहीच न लागल्याने मांजर चिडतं.

तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं तर खेळ थांबवा. कुत्र्यात ते नेहमीचं, मांजरात नाही. पुन्हा झालं तर छाती तपासून घ्या.

अधूनमधून टनेल चार दिवस उचलून ठेवला, मग वेगळ्या कोपऱ्यात मांडला की त्याची नवलाई टिकते. पण मांजर त्यात झोपत असेल, पाहुणे आले की त्यात जात असेल, तर तो आता खेळणं राहिलेला नाही. तिथून हलवू नका.

कॅटनिप ही मांजरांना नशा आणणारी वनस्पती, तिचा वापर बेताने. साधारण तीनपैकी दोन मांजरांवर ती चालते, लहान पिल्लांवर चालत नाही, आणि नशा दहाएक मिनिटांत उतरते. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या खोकली नावाच्या रोपाच्या मुळांवरही मांजरं अशीच लोळतात. पण ती खायला घालायची वस्तू नाही.

दोन मांजरं, एकच वाट

एक आत, दुसरं तोंडाशी दबा धरून. पाळी बदलत असेल, आवाज होत नसतील, तर तो खेळ. दर वेळी एकच जण पळतोय, कान मागे पाडून फिस्कारतोय, टनेलकडे जायचं टाळतोय, तर ती दादागिरी आहे. सरळ टनेल काढून तीन तोंडांचा आणा किंवा दोन आखूड टनेल वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. घरातल्या पोरांनाही हीच समज द्यावी लागते. मांजर आत असताना दोन्ही तोंडं धरायची नाहीत, टनेल गडगडवायचा नाही, वर बसायचं नाही.

फिनाईल, डेटॉल आणि डांबरगोळ्या

पावसाळ्यात मुंबई-कोकणात पॉलिस्टरसुद्धा कुबट होतं, मग हात आपोआप बाटलीकडे जातो. मांजराच्या यकृताला फिनॉल जातीची द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत, आणि पायाला लागलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. फिनाईल, डेटॉल टनेलला लावायचं नाही. सौम्य साबण, भरपूर पाणी आणि पूर्ण वाळवण एवढं बास. लघवीचा वास असेल तर एन्झाइमचं क्लीनर वापरा. घडी केलेला टनेल डांबरगोळ्यांच्या कपाटात कधीही ठेवू नका, नॅफ्थलीन मांजराला विषारी आहे. पिसवा झाल्या असतील तर टनेल धुऊन कडक उन्हात टाका आणि औषध डॉक्टरांकडून मांजराचंच घ्या. परमेथ्रिन असलेल्या कुत्र्यांच्या थेंबांनी मांजर दगावू शकतं.

"आवडलाय त्याला, दिवसभर आतच असतं"

हे ऐकलं की मी जरा सावध होते. नेहमी बाहेर लोळणारं मांजर अचानक दिवसभर आत पडून राहू लागलं, हाक मारली तरी येईना, तर ते बहुधा दुखणं लपवतंय. म्हातारं मांजर टनेल टाळायला लागलं तर गुडघे-कोपर दुखत असतील. त्याला वाकायला न लावणारा, मोठ्या तोंडाचा, मऊ तळाचा आडोसा द्या. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघत बसू नका, उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडतं. आणि बोका असेल, टनेलमधून उठून सारखा लिटर ट्रेकडे जात असेल, कुंथत असेल आणि लघवी थेंबभरच होत असेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी तेव्हाच उघडा दवाखाना शोधा. सकाळपर्यंत थांबू नका.