शिपचा मॅनिफेस्टो: पुरावे गोळा कसे करायचे आणि मांडायचे कसे

कार्टून किंवा अ‍ॅनिमे मालिकेतली एखादी जोडी (चाहत्यांच्या भाषेत 'शिप', म्हणजे ज्या दोन पात्रांचं प्रेम जुळावं असं वाटतं ती) आपल्याला मनापासून पटते, पण समोरचा विचारतो, 'हे तुला दिसलं कुठे?' त्याचं मुद्देसूद उत्तर म्हणजे मॅनिफेस्टो. त्याला साधारण दीड हजार शब्द आणि आठ-दहा प्रसंग पुरतात. चाळीस प्रसंग जमले असतील तर तीस गाळा, कारण वाचणारा नेमका सर्वांत कच्चा प्रसंग उचलतो आणि वाद त्याच्यावरच रंगतो.

सुरुवात पूर्ण भाग पुन्हा बघण्यापासून करा. क्लिप्सवर विसंबू नका. फॅन व्हिडिओत गाणं बदललेलं असतं, वेग कमी केलेला असतो, कधी दोन वेगळ्या भागांतले शॉट एकमेकांना जोडलेले असतात. बघताना चार रकाने भरत चला: सीझन-भाग, मिनिट-सेकंद, काय घडलं, विरोधात काय. कुठल्या आवृत्तीवरून वेळ घेतली तेही लिहा. सुरुवातीचं गाणं कापलेलं असेल तर सगळ्या वेळा सरकतात आणि वाचणाऱ्याला तो शॉट सापडतच नाही. 'काय घडलं' या रकान्यात विशेषण नको. 'तो तिचा हात धरतो' एवढंच लिहा. 'हळुवारपणे' हे तुमचं मत झालं, त्याची जागा लेखात.

नमुन्यादाखल 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'मधली झुको-कटारा जोडी घेऊ. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात दोघं बा सिंग से शहराखालच्या स्फटिकांच्या गुहेत अडकतात. दोघांनीही आई गमावली आहे, हे तिथे बोलण्यातून निघतं. कटारा जवळचं खास पाणी वापरून त्याचा व्रण बरा करायची तयारी दाखवते, त्याच्या चेहऱ्याला हात लावते, आणि तेवढ्यात मालिकेचा नायक आंग आणि झुकोचा काका आयरो तिथे पोचतात. आता चौथा रकाना. त्याच भागात झुको बहीण अझुलाच्या बाजूने, म्हणजे आंगच्या विरुद्ध, लढतो आणि तेच पाणी कटारा आंगला वाचवायला वापरते. ही नोंद लपवली तर पहिल्याच प्रतिक्रियेत कुणीतरी ती काढणार. उलट आपणच लिहिली तर मुद्दा पुढे नेता येतो: तिसऱ्या सीझनमध्ये झुको आंगच्या गटात येतो तेव्हा सगळ्यांत जास्त चिडलेली कटाराच का असते? हा प्रश्न नुसत्या स्पर्शापेक्षा वजनदार आहे.

प्रत्येक प्रसंगाला एक चाळणी लावायचीच: हाच हावभाव या पात्राने तिसऱ्या कुणाबरोबर केलाय का? ती सगळ्यांच्याच खांद्यावर हात ठेवत असेल, तर याच्या खांद्यावरचा हात बाद. बहुतेक मॅनिफेस्टो इथेच गळतात, आणि गळावेतच.

अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक चौकट कुणीतरी मुद्दाम काढलेली असते, म्हणून प्रत्येक गोष्ट इशारा आहे असं वाटायला लागतं. पण गर्दीच्या शॉटमध्ये दोघं शेजारी असतात ती बऱ्याचदा उंचीच्या आणि रंगांच्या हिशेबाने. जुने शॉट पुन्हा वापरले जातात. गालावरची लाली लाजेची असेल, तशी थंडीची, तापाची किंवा रागाचीही असू शकते. स्टोरीबोर्ड (भागाचा चित्रांतला कच्चा आराखडा) कुणाचा आहे हे श्रेयनामावलीत तपासा. 'अ‍ॅडव्हेंचर टाइम'सारख्या मालिकेत स्टोरीबोर्ड कलाकार संवादही लिहायचे. तुमचे सगळे प्रसंग एकाच कलाकाराच्या भागांतले निघाले, तर तसं लिहा.

डबिंगचं फार सांभाळा. 'सेलर मून'च्या जुन्या इंग्रजी डबमध्ये हारुका आणि मिचिरु या जोडीला चक्क चुलत बहिणी करून टाकलं होतं! म्हणून संवाद उद्धृत करताना मूळ भाषेतला अर्थ पाहा आणि कुठला डब किंवा सबटायटल वापरलं ते सांगा.

पडद्यावर दाखवलेलं, निर्मात्यांनी बाहेर सांगितलेलं आणि आपला हेडकॅनन (आपण मनाशी खरं मानलेली, मालिकेत नसलेली गोष्ट) हे तिन्ही वेगळं ठेवा. 'द लेजंड ऑफ कोरा'चा शेवटचा भाग १९ डिसेंबर २०१४ला आला. त्यात कोरा आणि असामी हात धरून प्रकाशात जातात, एवढंच दिसतं; त्या प्रेमात आहेत हे दोन्ही निर्मात्यांनी २२ डिसेंबरला स्पष्ट लिहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण एकाच वाक्यात कोंबल्या तर भांडण ठरलेलं.

टॅग लावताना एओथ्री (आर्काइव्ह ऑफ अवर ओन) या फॅनकथांच्या संकेतस्थळाची पद्धत पाळा: नावांमध्ये तिरपी रेघ म्हणजे प्रेमाची जोडी, '&' म्हणजे मैत्री किंवा घरचं नातं. 'मिरॅक्युलस' मालिकेत माणसं दोन, पण दोघांचंही मुखवट्यातलं वेगळं रूप असल्याने शिप चार: एड्रियनेट, लेडीनॉयर, मारीचॅट, लेड्रियन. तुमचा लेख कोणत्या शिपचा ते शीर्षकातच येऊ द्या. प्रतिस्पर्धी जोडीचा टॅग टीकेसाठी वापरू नका. शिप वॉरची, म्हणजे दोन जोड्यांच्या चाहत्यांमधल्या भांडणाची, सुरुवात हमखास तिथूनच होते. शेवटच्या सीझनचे प्रसंग असतील तर वर स्पॉयलरची सूचना द्या आणि पहिलं चित्र साधं ठेवा, कारण चित्र सूचनेआधी दिसतं.

प्रसिद्ध केल्यावर लेखक किंवा आवाज देणाऱ्या कलाकारांना टॅग करायचा मोह आवरा. मालिका चालू असताना चाहत्यांच्या कथाकल्पना वाचणं अनेक लेखक कायदेशीर कारणासाठी टाळतात, आणि आवाज देणाऱ्याच्या हातात कथानक नसतंच.