३०६० की ४०६०: तुलनेला बसण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी कागद घ्या आणि त्यावर मॉनिटरचं रेझोल्यूशन, तो किती हर्ट्झचा आहे, रोज कोणते गेम खेळता आणि गेम सोडून ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग असं काही करता का, एवढं लिहून काढा. आकडे नंतर. आरटीएक्स ३०६० आणि ४०६० ही एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांची जोडीच अशी आहे की नवीन कार्ड वेगात पुढे आणि जुनं मेमरीत पुढे, म्हणजे कागद कोरा असेल तर दिवसभर चार्ट बघत बसलात तरी हाती काही लागणार नाही.

मग नक्की कुठलं ३०६० समोर आहे ते पक्कं करा, हे लोक हमखास विसरतात. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेलं मूळ कार्ड १२ जीबी मेमरीचं आणि १९२ बिट बसचं (बस म्हणजे चिप आणि मेमरीमधला रस्ता), पण २०२२ मध्ये त्याच नावाने ८ जीबीचं, १२८ बिटवालं पण आलं आणि त्याची बँडविड्थ, म्हणजे त्या रस्त्यावरून जाणारा डेटा, सेकंदाला ३६० जीबीवरून थेट २४० वर आली. नावात काहीच फरक नाही, बॉक्सवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचावं लागतं. वापरलेलं कार्ड घेणार असाल तर ते मशीनला लावून जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, बस विड्थसमोर १९२ आणि मेमरी साइजसमोर १२२८८ एमबी दिसलं पाहिजे. तिथंच थोडा वेळ लोड देऊन फॅन खरखरतात का तेही ऐका. पुढे मी जे लिहितोय ते सगळं या १२ जीबीवाल्याबद्दल.

आता दोन कॉलम आखा. कूडा कोअर, म्हणजे चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग, ३०६० ला ३५८४ आणि ४०६० ला ३०७२, आणि इथंच बरेच जण म्हणतात की अरे नवीन कार्ड तर कमी कोअरचं, मग ते भारी कसं. तर शेजारी बूस्ट क्लॉक (लोड असतानाचा चिपचा वेग) लिहा, १७७७ मेगाहर्ट्झ आणि २४६० मेगाहर्ट्झ. प्रत्येक कोअर एका क्लॉकमध्ये एक गुणाकार आणि एक बेरीज करतो म्हणून कोअर गुणिले २ गुणिले क्लॉक, की ३०६० चे साधारण १२.७ टेराफ्लॉप्स (सेकंदाला इतके लाख कोटी हिशोब) होतात आणि ४०६० चे १५.१. खाली मेमरी: बस भागिले ८ गुणिले मेमरीचा स्पीड, म्हणजे १९२ भागिले ८ गुणिले १५ झाले ३६०, आणि १२८ भागिले ८ गुणिले १७ झाले २७२. बँडविड्थ कमी झाली म्हणून घाबरायचं कारण नाही, ४०६० मध्ये एल-टू कॅश (चिपमधलीच छोटी, जलद मेमरी) २४ एमबी आहे, ३०६० मध्ये ३ एमबी होती, त्यामुळे चिपला बाहेरच्या मेमरीकडे कमी वेळा जावं लागतं. पण कॅश मोठी झाली म्हणून ४०६० च्या ८ जीबीचे १२ जीबी होत नाहीत, हे मात्र अधोरेखित करून ठेवा.

मदरबोर्डचं मॅन्युअल पण आधीच काढून ठेवा. ४०६० पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या, ८ लेनच वापरतं, ३०६० सगळ्या १६. बोर्ड पीसीआयई ४.० चा असेल तर विषय संपला, पण ३.० चा जुना बोर्ड असेल तर ८ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी डेटा जातो आणि व्हीरॅम (कार्डाची मेमरी) भरून माल सिस्टिम रॅमकडे सांडायला लागला की हीच वाट तुंबते. बायोसमध्ये रिसायझेबल बार (याने प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते) चालू आहे का तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

पॉवरचं फार डोकं लावू नका, ३०६० चे १७० वॉट, ४०६० चे ११५, दोन्हीला कंपनी ५५० वॉटचा सप्लाय सांगते. फक्त कॅबिनेटमध्ये टेप धरून पुढच्या फॅनपासून मागच्या पट्टीपर्यंतची जागा मोजून कार्डाच्या लांबीशी ताडा, आणि पॉवर केबल वळायला बाजूच्या काचेपर्यंत बोटभर जागा उरते ना ते बघा.

दोन्ही कार्डं हाताशी असतील आणि स्वतः टेस्ट करणार असाल तर खरी मेहनत इथं आहे. ड्रायव्हरचं व्हर्जन दोन्हीला एकच, विंडोजचे अपडेट आधीच उरकलेले, व्ही-सिंक बंद, फ्रेम कॅप बंद (दोन्ही फ्रेमरेटला मर्यादा घालतात). गेममधली एकच वाट ठरवा, समजा बाजाराच्या चौकातून पुलापर्यंत ६० सेकंद, आणि दर वेळी तिथूनच धावा. पहिली फेरी सोडून द्यायची, कारण त्यात शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात आणि झटके बसतात, नंतरच्या ३ फेऱ्या धरायच्या. ॲव्हरेजसोबत १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा वेग, लिहाच, कारण १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम येत असताना मधेच एखादी ५० ला आली तर ॲव्हरेज जवळपास ६० च दिसतो पण हाताला तो झटका लगेच कळतो. आणि जीपीयू युसेज ९५ टक्क्यांच्या खाली रेंगाळत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही प्रोसेसरच मोजताय, सेटिंग वाढवा नाहीतर तो गेमच बदला.

व्हीरॅमसाठी वेगळी फेरी ठेवा, टेक्स्चर अल्ट्रा करून सलग अर्धा तास खेळा. ८ जीबीवर काही गेम अडखळतात, आणि काही गेममध्ये फ्रेमरेट छान दिसत असतो पण जवळ जाऊन भिंतीकडे बघा, विटा चिखलासारख्या दिसतात, दोन सेकंद तशाच राहतात आणि मग एकदम स्पष्ट होतात. ग्राफमध्ये हे पकडता येत नाही, म्हणून डोळ्यांनीच बघायचं आणि लिहून ठेवायचं.

एनव्हिडियाच्या डीएलएसएसचं अपस्केलिंग (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करणं) दोन्हीवर चालतं, त्याचं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम तयार करून घालणं) फक्त ४०६० वर, म्हणून ते चालू करून केलेलं रीडिंग त्याच रकान्यात मिसळू नका. त्याने हलणं गुळगुळीत दिसतं पण माउसचा प्रतिसाद जलद होत नाही, शिवाय ते स्वतः थोडी मेमरी खातं. स्ट्रीमिंग करत असाल तर एव्ही१ (व्हिडिओ कमी जागेत बसवणारा फॉरमॅट) एन्कोडिंग ४०६० लाच आहे, हा मुद्दा मला बराच वजनदार वाटतो.

माझं मत विचाराल तर १०८० पी आणि फक्त गेम असतील तर ४०६०, बहुतेक ठिकाणी ते १५-२० टक्के पुढे राहतं. ब्लेंडरचे जड सीन असतील किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायची असतील तर १२ जीबीवालं ३०६०, कारण तिथं मेमरीत मावणं हीच पहिली अट. आणि ३०६० आधीच घरात असेल तर फक्त वेगासाठी ते काढू नका, एवढ्या फरकासाठी ४ जीबी मेमरी सोडणं मला पटत नाही.

आणि हो, पहिलं रीडिंग घ्यायच्या आधी मागे वाकून बघा, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला तर नाही ना, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरच अडकलेला नाही ना.