ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचे पेपर घरबसल्या कसे बघायचे

आत्याच्या मुलाला एएमएल, म्हणजे एक प्रकारचा ल्युकेमिया, ब्लड कॅन्सर, निघाला, मिरजेत बोन मॅरोची तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागणार, पुणे नाहीतर मुंबई बघा. झालं, घरच्या ग्रुपवर नावं पडायला लागली, ह्या डॉक्टरांचे तीनशे रिसर्च पेपर, त्यांचे पाचशे, आणि आत्या मला विचारायली, जास्त पेपर म्हणजे चांगला डॉक्टर का रे? मी सांगलीत फार्मसीला शिकवतो, पेपर वाचायची सवय आहे, म्हणून त्या दोन रात्रींत जे केलं ते लिहून ठेवतोय, कुणाच्यातरी घरात लागंल.

आधी पबमेड उघडा, वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट, फुकट आहे, अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय लायब्ररीचं आहे. इंग्रजीत आडनाव, मग नावाची आद्याक्षरं आणि पुढं चौकटी कंसात एयू असं टाका. आता डॉक्टर पाटील असतील तर संपलंच, हजारो पेपर येतात आणि त्यात डोळ्याचे, दाताचे, शेतीचे सगळे पाटील. म्हणून नावापुढं हॉस्पिटलचं किंवा गावाचं नाव जोडा, आणि पेपर उघडून लेखकाच्या नावाखालचा पत्ता बघा. डॉक्टरांचा ऑर्किड नंबर, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, मिळाला तर फारच बरं, १६ आकडी असतो, एका माणसाला एकच. ग्रुपवरचे ते पाचशे पेपर असे गाळले तर दीडशेच्या आत आले, बाकीचे दुसऱ्याच कुणाचेतरी.

मग लेखकांच्या रांगेत आपला डॉक्टर कुठाय ते बघा. पहिलं नाव म्हणजे साधारण ज्यानं राबून काम केलं तो, शेवटचं म्हणजे ज्याच्या हाताखाली काम झालं तो. मध्ये वीस-पंचवीस नावं असतात, त्यांनी बऱ्याचदा आपल्या सेंटरचे पेशंट दिलेले असतात, तेही वाईट नाही, पण ते काम त्यांचं एकट्याचं नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथंच लोक चुकतात. ब्लड कॅन्सर हा एक आजार नाही. मायलोमा ह्या ब्लड कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा पेशंटच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, काढून परत देतात, त्याला ऑटो म्हणतात, आणि एएमएलला बहुतेक वेळा दुसऱ्याच्या लागतात, म्हणजे अॅलो, तिथं जीव्हीएचडीची, म्हणजे दुसऱ्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटण्याची भीती, इन्फेक्शनची भीती, सगळंच वेगळं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, आमचं जुळलं नाही, आईचं अर्धं जुळलं, त्याला हॅप्लो म्हणतात. म्हणून मी नावासोबत ल्युकेमिया आणि हॅप्लोआयडेंटिकल टाकून शोधलं, आणि तीनशेवाल्या डॉक्टरांचे चारच निघाले, बाकी बहुतेक मायलोमाचे. माणूस मोठाच आहे, पण आमच्या कामाचे पेपर चार.

पेपर कसला आहे तेही बघा. केस रिपोर्ट म्हणजे एका-दोघांची हकिकत, रिव्ह्यू म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा. डिसेंबरमध्ये अमेरिकेत रक्ताच्या आजारांवरची ॲश कॉन्फरन्स होते, तिथले सारांश 'ब्लड' जर्नलच्या पुरवणीत येतात, ते पूर्ण पेपर नव्हेत, यादी मात्र त्यानं लांब दिसते. ट्रायल चालू असल्याचं म्हणत असतील तर सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंद शोधा, आपल्याकडं २००९ पासून ती सक्तीची आहे.

चांगलं काम कसं दिसतं त्याचं उदाहरण देतो. वेल्लोरच्या सीएमसीनं २००६ मध्ये 'ब्लड'मध्ये एपीएल ह्या ल्युकेमियाच्या ७२ पेशंटचा पेपर छापला, नुसतं आर्सेनिक ट्रायऑक्साइड देऊन ८६ टक्के रेमिशनमध्ये गेले, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला. मला त्याहून भावलं ते हे की २०१० मध्ये त्यांनी त्याच पेशंटचा लांबचा हिशेब परत छापला. बहुतेकांच्या यादीत हे सापडत नाही. आपल्या डॉक्टरांच्या यादीत शोधा, जुन्या पेशंटकडं परत वळून बघितलंय का.

ॲब्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे पेपरच्या सुरुवातीच्या सारांशात, चारच गोष्टी वाचा: पेशंट किती, मीडियन फॉलोअप, म्हणजे पेशंटवर मध्यमानानं लक्ष ठेवलं तो काळ, किती महिन्यांचा, आजार किती जणांचा उलटला, आणि आजार न उलटता ट्रान्सप्लांटच्या त्रासानं किती गेले, त्याला नॉन-रिलॅप्स मॉर्टॅलिटी म्हणतात. सहा महिन्यांच्या फॉलोअपवर ९० टक्के जगले म्हटलं तर घाईनं खूश होऊ नका. आणि पेपरच्या वर रिट्रॅक्टेड, म्हणजे मागं घेतलेला, असं लिहिलंय का तेवढं बघाच. एच-इंडेक्सच्या, म्हणजे पेपर किती आणि इतरांनी त्यांचा किती दाखला दिला त्यावरून काढलेल्या आकड्याच्या, मागं मात्र लागू नका, वय आणि ओळखी वाढल्या की तो वाढतो.

नर्स कशा आहेत, रात्री ताप आला तर फोन कोण उचलतं, खर्च शेवटी किती जातो, हे कुठल्याच पेपरात नसतं, त्यासाठी तिथनं परत आलेला पेशंट गाठा, मिरजेच्या ओपीडीबाहेर आम्हाला दोघं भेटले.

आम्ही महालक्ष्मीनं मुंबईला गेलो तेव्हा आत्याच्या वहीत हे चार प्रश्न मराठीतच लिहिलेले होते, फक्त पुढं जोडलं होतं, तुमच्या वॉर्डात, हॅप्लोचे, मागच्या पाच वर्षांत. डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि एकेक आकडा स्वतःच्या हातानं लिहून दिला, गेलेल्यांचासुद्धा.