सर्किट सिम्युलेशन सुरू करताय? आधी या चुका टाळा

एलटीस्पाइस, म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, डाउनलोड केलं, व्हिडिओ बघून सर्किट काढलं, रन दाबलं आणि लाल अक्षरात एरर. सोलापुरातली डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टच्या टायमाला लॅपटॉप घेऊन येतात तेव्हा सर्किट प्रत्येकाचं वेगळं असतं पण चुका त्याच त्या, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच पक्की करा, सिम्युलेटर फक्त तुम्ही काढलेल्या आणि टाइप केलेल्या गोष्टींचं गणित सोडवतो, तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही. त्यामुळं रन करायच्या आधी वहीत अंदाजे उत्तर काढा, आउटपुट किती व्होल्ट यायला पाहिजे, करंट किती, आणि मगच ग्राफ बघा.

"सर, कायतर सिंग्युलर मॅट्रिक्स म्हणून येऊलालंय." हे बहुतेक वेळा ग्राउंडचं दुखणं असतं. बॅटरीचं मायनस म्हणजे आपोआप ग्राउंड नाही, जी दाबून ग्राउंडचं चिन्ह लावावंच लागतं, कारण बाकी सगळे व्होल्टेज त्या शून्य नोडपासून (नोड म्हणजे तारा जुळतात तो बिंदू) मोजले जातात. ग्राउंड लावूनही एरर येत असेल तर नोड लटकतोय का बघा. दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असले की मधल्या बिंदूला डीसीचा रस्ताच नसतो, तिथून ग्राउंडला १०० मेगचा रेझिस्टर टाकला की काम होतं, सर्किटवर काही परिणाम होत नाही.

आणि मेग म्हणजे एम-ई-जी असं पूर्ण लिहायचं बरं का. नुसता एम लिहिला, छोटा असो की मोठा, तर तो मिली धरतो. एलटीस्पाइसचं मूळ असलेलं स्पाइस १९७३ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात फोर्ट्रान या भाषेत लिहिलं गेलं तेव्हा सगळं कॅपिटल अक्षरांतच चालायचं, त्यामुळं लहान-मोठ्या अक्षरांत फरक नाही तो आजतागायत नाही. १२ व्होल्टला १ मेगोहमचा रेझिस्टर लावतोय असं तुम्हाला वाटतं, तिथं १ मिलिओहम बसतो आणि करंट दिसतो १२ हजार अँपिअर. तसंच कपॅसिटरला १ एफ लिहिलं तर ते फॅरड नाही, फेम्टो होतं, नुसतं १ लिहा.

आता पॉवर सप्लाय, कारण सगळ्यात जास्त पोरं इथंच अडकतात. घरातले २३० व्होल्ट हे आरएमएस असतात आणि साइन सोर्सच्या अँप्लिट्यूडमध्ये पीक, म्हणजे वेव्हचा सगळ्यात उंच व्होल्टेज, टाकायचा असतो, म्हणजे ३२५. फ्रिक्वेन्सी ५०, एक सायकल २० मिलिसेकंदाची, म्हणून स्टॉप टाइम २०० मिलिसेकंद ठेवा आणि मॅक्सिमम टाइमस्टेप ५० मायक्रोसेकंद, नाहीतर साइनवेव्ह कोपरे असलेली दिसते आणि सर्किटच चुकलं असं वाटतं. ट्रान्सफॉर्मर दोन इंडक्टर आणि एका के स्टेटमेंटने (ते दोन इंडक्टर एकमेकांना जोडणारी ओळ) करतात, पण इंडक्टन्सचं गुणोत्तर टर्न्सच्या, म्हणजे वेढ्यांच्या, वर्गात जातं. २३० ला १२ म्हणजे टर्न्स साधारण १९ ला १, इंडक्टन्स मात्र ३६७ ला १, उदाहरणार्थ ३६.७ हेन्री आणि १०० मिलिहेन्री. इंडक्टन्सच १९ ला १ ठेवला की १२ च्या जागी ५२-५३ व्होल्ट येतात आणि पोरगं डायोड बदलत बसतं.

याच सर्किटात दुसरी चूक म्हणजे सेकंडरीच्या (ट्रान्सफॉर्मरची १२ व्होल्टची बाजू) एका टोकाला ग्राउंड आणि ब्रिजच्या (एसीचं डीसी करणारे चार डायोड) मायनसलाही ग्राउंड. झालं, एक डायोड शॉर्ट, आणि एका अर्ध्या सायकलला दुसरा डायोड सरळ सेकंडरीवर आडवा पडतो. लॅबमध्ये सीआरओच्या (वेव्ह दाखवणारं यंत्र) दोन्ही प्रोबची ग्राउंड क्लिप सेकंडरीला आणि ब्रिजच्या मायनसला एकाच वेळी लावली की हेच होतं, तिथं डायोड जळतो, इथं फक्त वेडावाकडा ग्राफ दिसतो.

सिम्युलेशनमध्ये काहीच जळत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं यंत्रमागाचा धागा तुटला की माग थांबवायचा असले प्रोजेक्ट पोरं करतात, सेन्सर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचा रिले. रिलेची कॉइल म्हणून इंडक्टर टाकला, कॉइलवरचा स्पाइक जिरवणारा उलटा फ्रीव्हीलिंग डायोड विसरला, तरी सिम्युलेशन छान चालतं. कलेक्टरवर शेकडो व्होल्टचा स्पाइक येतो आणि ट्रान्झिस्टर मजेत असतो, खरा बीसी५४७ मात्र कलेक्टर-एमिटरला ४५ व्होल्टचाच आहे. म्हणून प्रत्येक पार्टचा सगळ्यात जास्त व्होल्टेज आणि वॉटेज ग्राफवर बघून डेटाशीटशी ताडून घ्या. एलटीस्पाइसमध्ये रन झाल्यावर ऑल्ट दाबून रेझिस्टरवर क्लिक केलं की पॉवर दिसते, पाव वॉटचा रेझिस्टर दोन वॉट खात असेल तर तिथंच कळतं.

टेम्परेचरचंही तसंच. स्पाइस न सांगता २७ डिग्री धरतं. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४२ च्या वर जातं, त्यात पत्र्याच्या डब्यात, मागाच्या शेजारी सर्किट बसणार. बेस-एमिटर व्होल्टेज डिग्रीमागं साधारण २ मिलिव्होल्ट उतरतो, ६० डिग्रीला ६६ मिलिव्होल्टचा फरक पडला की बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरचा ठरवलेला डीसी बिंदू, हललाच. स्टेप कमांडने २७, ४५, ७० असं एकदा तरी चालवून बघाच.

काही किरकोळ. दोन ट्रान्झिस्टरचा मल्टिव्हायब्रेटर (आळीपाळीने चालू-बंद होणारं सर्किट) सुरूच होत नाही, कारण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत, एका बेसला सुरुवातीचा व्होल्टेज द्या किंवा एक रेझिस्टर किंचित बदला. एसी अ‍ॅनालिसिसमध्ये १२ व्होल्टच्या अँप्लिफायरमधून २०० व्होल्ट आले तर घाबरू नका, तिथं क्लिपिंग (सप्लायच्या मर्यादेला वेव्ह कापली जाणं) धरतच नाहीत, क्लिपिंग बघायचं तर ट्रान्झियंट, म्हणजे वेळेनुसारचं सिम्युलेशन, चालवा. प्रोटिअस या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये ८०५१ मायक्रोकंट्रोलरला तुम्ही ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढला तरी तो खरा क्लॉक नसतो, क्लॉक आयसीच्या प्रॉपर्टीमध्ये टाकावा लागतो, तिथं १२ मेगाहर्ट्झ राहिलं की ९६०० बॉडला (सिरीयल डेटाचा वेग) कचरा अक्षरं येतात आणि प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात अख्खी रात्र जाते.

अडलात तर विचारा, पण मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका, फाइल पाठवा, बाहेरून मॉडेल टाकलं असेल तर तीही फाइल सोबत, आणि वहीत तुमचं उत्तर किती आलं होतं ते लिहा.