जुन्या तबकड्यांच्या कडेकोपऱ्यातून डार्क अँबियंट अल्बम कसा करायचा

डार्क अँबियंट, म्हणजे गडद, स्वप्नासारखं वातावरण उभं करणारं संगीत, करायला बसलं की बरेच जण सिंथवर खर्जात एक ड्रोन (लांबत राहणारा एकच सूर) धरतात, त्यावर रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा) ओततात आणि झालं म्हणतात. त्याने भीती वाटते, पण स्वप्नात असल्यासारखं वाटत नाही, कारण स्वप्नात काहीतरी ओळखीचं असतं आणि ते नेमकं काय ते आठवत नसतं. ते ओळखीचं आणायला सँपल, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डमधून उचललेले आवाजाचे तुकडे, लागतात. आणि माझं एकच म्हणणं आहे, गाणं उचलू नका, गाण्याच्या कडा उचला. सुई टेकल्यावर गाणं सुरू व्हायच्या आधीची खरखर, गायकाने घेतलेला श्वास, तिहाई संपल्यावर मागे रेंगाळणारी पेटी. चाल उचललीत की ऐकणारा गाणं ओळखतो आणि स्वप्न तिथेच मोडतं.

यासाठी ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांसारखा माल नाही. १० इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण ३ मिनिटंच मावायची, त्यामुळे सगळं घाईघाईत संपतं आणि शेवटाला अशा कडा हमखास सापडतात. अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डवर तर गायक शेवटी स्वतःचं नाव सांगायचे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या लोकांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ती शेवटी 'माय नेम इज गौहर जान' म्हणते. नाव सांगतानाचा तो ठसका चौपट हळू केला की शब्द विरघळतात आणि नुसतं माणूसपण उरतं, मला हे फार आवडतं.

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार इथे तबकड्या अजून मिळतात. नाहीतर इंटरनेट अर्काइव्हवर ७८ च्या डिजिटल प्रती भरपूर आहेत. घरातल्या बारशाच्या, कीर्तनाच्या कॅसेट काढा, त्यात माईक चालू ठेवून कोणीतरी खुर्च्या सरकवतंय असे तुकडे असतात. शॉर्टवेव्हची खरखर हवी असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर रिसीव्हर, म्हणजे इंटरनेटवरून चालवायचा रेडिओ, ब्राउझरमध्ये फुकट ऐकता येतो, रात्री दोन स्टेशनांच्या मधे थांबायचं आणि रेकॉर्ड करायचं.

आता तबकडी कॉम्प्युटरवर घ्यायची. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे स्पिरिटने पुसाल तर रेकॉर्ड कायमची गेली, मऊ ब्रश आणि किंचित ओलं फडकं पुरे. सुई जाड लागते, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसती घाण वाजवते. प्लेअरला ७८ स्पीड नसेल तर बिनधास्त ३३ वर वाजवा, आवाज सव्वा सप्तक खाली येतो आणि आपल्याला तसंही तेच हवंय. रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा, कारण पुढे दोन सप्तकं खाली नेलं तरी वरच्या खरखरीत जीव राहतो. आणि नॉइज रिडक्शन लावू नका! उलट फक्त खरखर असलेला तुकडा वेगळा सेव्ह करा, तो अख्ख्या अल्बमभर लेयर म्हणून कामाला येतो.

एक लूप करून दाखवतो. नाट्यपदाच्या शेवटी गायक थांबलाय, भात्यात उरलेल्या हवेवर पेटीचा सूर जेमतेम सेकंदभर चाललाय, तेवढाच कापा. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पॉलस्ट्रेच नावाचा, आवाज खूप ताणणारा इफेक्ट आहे, स्ट्रेच ४० आणि टाइम रिझोल्यूशन ०.२५ सेकंद ठेवा. तो आवाजाचे तुकडे करून प्रत्येकातल्या लहरींचा फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) विस्कटतो, त्यामुळे ठोका, सुरुवात वगैरे सगळं वितळतं आणि ४० सेकंदांचा धुरकट पट्टा मिळतो. मूळ तुकड्याची दुसरी कॉपी स्पीड अर्धा करून घ्या, सूर बरोबर एक सप्तक खाली गेला, हा तुमचा खर्ज, हा छोटाच असल्यामुळे लूपवर टाका. मग पट्ट्याचीच तिसरी कॉपी फक्त ८ सेंटने उतरवा (१०० सेंट म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). १३० हर्ट्झच्या आसपासच्या सुरावर एवढ्या फरकाने दीड-पावणेदोन सेकंदाला एक आंदोलन येतं, तंबोरा जुळवताना दोन जोडीच्या तारा जवळ आल्या की ऐकू येतं ना, तसंच. अँबियंटमधली हालचाल इथून येऊ द्या, एलएफओ (आवाज ठरावीक गतीने हलवणारी संथ लहर) लावून आणलेली हालचाल लगेच मशीनची वाटते.

लूपचे सांधे झिरो क्रॉसिंगवर, म्हणजे लहर शून्य ओलांडते तिथे, कापा आणि क्रॉसफेड द्या, म्हणजे एक टोक विरत असताना दुसरं वर येऊ द्या. पॅरिसमध्ये १९४८ साली संगीतकार पिएर शेफरने तबकडीची खाच बंद करून तोच तुकडा फिरवत ठेवला, तो सांधा ऐकू येणं हीच त्यातली गंमत होती, आपल्याला मात्र तो लपवायचाय. तीन लूपांची लांबी मुद्दाम न जुळणारी ठेवा, १७, २३ आणि २९ सेकंद. हे तिन्ही एकत्र सुरू झाले की परत एकत्र यायला ३ तास ९ मिनिटं लागतात, म्हणजे तुमच्या १० मिनिटांच्या ट्रॅकमध्ये तीच जुळणी कधीच परत येत नाही.

रिव्हर्ब विकत घेत बसू नका. वाड्याच्या जिन्यात किंवा रिकाम्या हॉलमध्ये फुगा फोडा, फोनवर रेकॉर्ड करा, ती फाईल कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (रेकॉर्ड केलेल्या जागेचा घुमारा आवाजाला देणारा रिव्हर्ब) टाका, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रीव्हर्ब (ReaVerb) नावाचं प्लगइन आधीपासून असतं. रिव्हर्बच्या चॅनलवर २०० हर्ट्झच्या खालचं आणि ४ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, नाहीतर चिखल होतो. आणि प्रत्येक ट्रॅकमध्ये एक आवाज पूर्ण कोरडा, अगदी कानाशी ठेवा, श्वास, भांड्याचा आवाज, काहीही. सगळंच लांब असलं की लांबपणा कळत नाही.

झिजवायचं असेल तर खरोखर झिजवा. अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्कीने २००१ मध्ये आपले जुने टेप लूप डिजिटल करायला घेतले तेव्हा टेपवरचा थर फिरता फिरता झडत गेला, आणि त्या झडण्यातूनच त्याचं सगळ्यात गाजलेलं काम उभं राहिलं. आपण लूप स्वस्त कॅसेटवर घ्यायचा, तिथून परत कॉम्प्युटरवर, परत कॅसेटवर, आणि प्रत्येक पिढी जपून ठेवायची, मग ट्रॅकमध्ये पहिल्या पिढीकडून शेवटच्याकडे हळूहळू क्रॉसफेड.

कॉपीराइट मात्र बघा. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे १९६० ची रेकॉर्ड २०२१ पासून मोकळी, पण गीत आणि चालीचा हक्क वेगळा, तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. कडाच उचलल्या तर चालीचा प्रश्न बराचसा येत नाही. अमेरिकन रेकॉर्ड असेल तर १९२३ ते १९४६ मधल्यांना तिथे १०० वर्षं आहेत.

मास्टरिंगला, म्हणजे शेवटच्या आवाज-जुळणीला, लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) दाबू नका, मायनस १८ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास राहू द्या, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) मायनस १ डेसिबल. ३० हर्ट्झच्या खालचं कापा, तिथे मोटरची घरघर असते. रात्री कमी आवाजात आणि सकाळी हेडफोनवर असं दोनदा ऐका, रात्री जे छान वाटलं ते सकाळी कंटाळवाणं वाटलं तर ट्रॅक छोटा करा. अल्बमसोबत तबकडीचा नंबर आणि गायक किंवा गायिकेचं नाव लेबलवर जसं आहे तसं नक्की द्या, यातल्या कित्येक जणींचं नाव त्या एका लेबलाशिवाय दुसरीकडे कुठेच मिळत नाही.