लॅपटॉप घरच्या वाय-फायला अचानक जोडला जात नसेल तर

लॅपटॉप वाय-फायला जोडला जाणे ही वापरणाऱ्याला एकच क्रिया वाटत असली, तरी प्रत्यक्षात ती चार टप्प्यांत घडते. आधी नेटवर्कचे नाव लॅपटॉपच्या यादीत दिसते, मग पासवर्ड तपासला जातो, त्यानंतर राउटर लॅपटॉपला आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळख क्रमांक) देतो आणि सरतेशेवटी त्या मार्गाने इंटरनेट सुरू होते. जोडणी यांपैकी नेमकी कोठे अडली आहे हे आधी पाहावे. ते न पाहता एकामागून एक सेटिंग बदलत गेल्यास मूळ बिघाड राहतो बाजूला आणि नवा मात्र तयार होतो.

म्हणून सुरुवात लॅपटॉपपासून करू नये. त्याच वाय-फायला मोबाइल जोडून पाहावा आणि त्या वेळी मोबाइलचा डेटा बंद ठेवावा, नाहीतर इंटरनेट वाय-फायवरून येत आहे की सिमकार्डावरून, हे समजत नाही. मोबाइललाही इंटरनेट मिळत नसेल, तर दोष राउटरचा किंवा बाहेरून येणाऱ्या जोडणीचा आहे. राउटरचा प्लग काढून अर्धा मिनिट थांबावे, तो पुन्हा लावावा आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. राउटरवरील ‘रीसेट’चे बारीक छिद्र मात्र टाचणीने दाबून धरू नये. त्याने राउटर केवळ पुन्हा सुरू होत नाही, तर त्यातील सर्व नोंदी पुसल्या जातात, आणि सेवा पुरवठादाराने दिलेली लॉगिनची माहिती हाताशी नसेल, तर अडचण एका लॅपटॉपपुरती न राहता सगळ्या घराची होते.

मोबाइल व्यवस्थित जोडला गेला, तर उलट चाचणी करावी. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडून पाहावा. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ वाचवणारी चाचणी हीच. लॅपटॉप हॉटस्पॉटला सहज जोडला गेला, तर त्याचे वाय-फाय कार्ड (सिग्नल पकडणारा भाग) आणि ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बहुधा ठीक आहेत, आणि शोध घ्यायचा तो जतन केलेल्या नोंदीचा किंवा राउटरच्या सेटिंग्जचा. हॉटस्पॉटलाही जोडला गेला नाही, तर लॅपटॉपमध्येच पाहावे लागेल.

दोन्ही परिस्थितींत लॅपटॉप एकदा ‘रीस्टार्ट’ करावा. येथे ‘शट डाउन’ पुरेसे नसते, कारण विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर बंद करताना प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो आणि अडकलेला ड्रायव्हर पुढच्या वेळीही तसाच अडकलेला राहतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर सर्व काही नव्याने सुरू होते.

यादीत एकही नेटवर्क दिसत नसेल, तर ‘एअरप्लेन मोड’ चालू नाही ना, हे पाहावे. अनेक लॅपटॉपवर विमानाचे किंवा अँटेनाचे चित्र असलेली कळ असते आणि ती नकळत दाबली जाते. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला यासाठी स्वतंत्र खटकाही असतो.

इतर सर्व नेटवर्क दिसतात आणि आपलेच तेवढे दिसत नाही, ही परिस्थिती अधिक चमत्कारिक वाटते, पण तिचे कारण सहसा साधे असते. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर सहसा चालतात, आणि जुन्या कार्डांना यांतील पहिलीच पट्टी कळते. शिवाय २.४ गिगाहर्ट्‌झमधील १२ आणि १३ या वाहिन्यांना (पट्टीच्या क्रमांक दिलेल्या भागांना) काही देशांत मर्यादा असल्यामुळे काही कार्डे त्यांच्याकडे लक्षच देत नाहीत. राउटर ‘ऑटो’वर ठेवला असेल, तर तो कमी गर्दीची वाहिनी स्वतःच निवडतो, आणि कोणी काही न बदलताही नाव यादीतून गायब होते. मोबाइलवरून राउटरचे सेटिंग पान उघडून वाहिनी १, ६ किंवा ११ वर पक्की केल्यास हा प्रश्न सुटतो.

नाव दिसते, पण पासवर्ड स्वीकारला जात नाही, तेव्हा जतन केलेली नोंद पुसावी. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वाय-फाय’ आणि ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ या क्रमाने जाऊन आपल्या नेटवर्कसमोरील ‘फर्गेट’ निवडावे आणि पासवर्ड नव्याने टाकावा. टाइप करताना अक्षरे दिसतील असे डोळ्याचे चिन्ह दाबावे, म्हणजे ‘कॅप्स लॉक’ किंवा बदललेली कीबोर्डची भाषा लगेच लक्षात येते. पासवर्ड अचूक असूनही नकार मिळत असेल, तर राउटरची सुरक्षा पद्धत पाहावी. २०१८ मध्ये जाहीर झालेली डब्ल्यूपीए३ ही पद्धत जुन्या कार्डांना समजत नाही. अशा वेळी राउटरवर डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय निवडावा. ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देण्याची सोय राउटरवर चालू असेल, तर लॅपटॉपमधील ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ हा पर्याय बंद करावा, कारण तो लॅपटॉपचा हार्डवेअर पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) बदलतो आणि त्यामुळे राउटर ओळखीच्या लॅपटॉपलाही परका समजतो.

जोडले गेल्याचे दिसते, पण एकही पान उघडत नाही, तेव्हा नेटवर्कच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये आयपी पत्ता वाचावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. तेथील ‘आयपी असाइनमेंट’ हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना, हे तपासावे, कार्यालयातील नेटवर्कसाठी हाताने भरलेला पत्ता घरी चालेलच असे नाही. पत्ता ठीक असेल, तर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे सॉफ्टवेअर) बंद करून पाहावे.

बिघाड लॅपटॉपमध्येच आहे असे हॉटस्पॉटच्या चाचणीतून दिसले, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘नेटवर्क ॲडॉप्टर्स’ उघडावे. नुकतेच अपडेट झाले असेल, तर वाय-फाय कार्डाच्या ‘ड्रायव्हर’ या भागातील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने आधीची आवृत्ती परत आणता येते. ते बटण फिकट असेल, तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे, पण ड्रायव्हरही काढून टाकण्याची चौकट रिकामी ठेवावी. रीस्टार्टनंतर विंडोज ते कार्ड पुन्हा ओळखते. नवा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा असल्यास मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ (मोबाइलचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देण्याची सोय) वापरावे. मॅकबुकवर ऑप्शन कळ दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले, की ‘वायरलेस डायग्नोस्टिक्स’चा पर्याय मिळतो.

विंडोजमधील ‘नेटवर्क रीसेट’ हा उपाय सर्वांत शेवटी करावा, कारण त्यानंतर वाय-फायचे पासवर्ड नव्याने टाकावे लागतात आणि व्हीपीएनसारखी सॉफ्टवेअर पुन्हा बसवावी लागू शकतात. त्यानंतरही कार्ड ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये दिसत नसेल, तर ते सैल झाले असण्याची किंवा निकामी झाले असण्याची शक्यता मोठी आहे. लॅपटॉप उघडण्याआधी यूएसबीवर चालणारे छोटे वाय-फाय ॲडॉप्टर लावून काम भागते का पाहावे, आणि ते यूएसबी ३ वरील हार्ड डिस्कच्या अगदी शेजारी लावू नये, कारण तिच्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या सिग्नलमध्ये व्यत्यय येतो.